डब्यावर ‘ओरिएंटल’ लिहिलंय, म्हणजे आत नेमकं काय आहे?

पाइपच्या तंबाखूच्या डब्यामागचं वर्णन वाचताना नवखा माणूस हमखास दोन शब्दांपाशी अडखळतो. एक ‘ओरिएंटल’, दुसरा ‘स्पायसी’. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी असाच एक डबा उघडला, चिमूटभर तंबाखू तळहातावर चुरगाळली, दोनदा हुंगली आणि मला विचारलं, ‘‘यात मसाला कुठाय?’’ त्यांना वास येत होता वाळल्या गवताचा, जरा आंबूस, आणि त्यामागून नव्या चामडी पट्ट्यासारखा. लवंग नाही, दालचिनी नाही. आपल्याला नकली माल मिळाला, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती.

माल अस्सल होता, घोळ शब्दाचा होता. तंबाखूच्या भाषेत ‘स्पायसी’ म्हणजे वरून मसाला घातलेला नव्हे आणि तिखटही नव्हे. धूर नाकावाटे हळू सोडला की नाकाच्या मुळाशी एक कोरडी झणक जाणवते, धुपाची, देवदाराच्या लाकडाची आठवण करून देणारी. तिला हा शब्द वापरतात. ती झणक पानातूनच येते. ती पानात येते कुठून, हे कळलं की डब्यावरचे बाकीचे शब्दही आपोआप उलगडत जातात.

‘पौर्वात्य’ म्हणजे कुठलं?

ओरिएंटल म्हणजे पौर्वात्य, हे भाषांतर बरोबर आहे, पण त्यातून भलताच नकाशा डोळ्यांपुढे येतो. हे नाव दिलं युरोपातल्या व्यापाऱ्यांनी, आणि त्यांच्या लेखी पूर्व म्हणजे उस्मानी साम्राज्य. आजच्या भाषेत सांगायचं तर उत्तर ग्रीस, तुर्कस्तानचा एजियन समुद्राकडचा आणि काळ्या समुद्राकडचा किनारा, बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया, सिरिया, लेबनॉन, सायप्रस. याच पट्ट्यातली, लहान पानाची आणि उन्हात वाळवलेली तंबाखू म्हणजे ओरिएंटल. ‘टर्किश’ हे तिचंच दुसरं नाव.

झाड मात्र मूळचं तिथलं नाही. तंबाखू अमेरिकेतली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उस्मानी मुलखात पोचली आणि तिथल्या डोंगरउतारांवर रुजली. पाइपमध्ये सर्रास भेटणारी दुसरी तंबाखू म्हणजे व्हर्जिनिया. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने ओरिएंटल आणि व्हर्जिनिया एकाच प्रजातीच्या, निकोटियाना टबॅकम. मग व्हर्जिनियाचं पान हातभर लांब आणि ओरिएंटलचं तळहातात मावणारं, हा फरक कसा पडला? शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली बियाण्याची निवड हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्या जमिनीत आहे.

पान तहानेलं ठेवायचं

बहुतेक पिकांना आपण खतपाणी देतो, कारण पीक भरघोस यावं ही अपेक्षा असते. ओरिएंटलच्या बाबतीत गणित उलटं आहे. जमीन हलकी, मुरमाड, उताराची. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कोरडा. नत्रयुक्त खत जपून, कारण ते जास्त झालं की पान मोठं, जाड आणि बेचव होतं. त्यात रोपं इतकी दाट लावतात की एका हेक्टरात लाखाच्या वर रोपं उभी असतात. व्हर्जिनियाची त्याच जागेत पंधरा-वीस हजार असतात. व्हर्जिनियाचा शेंडा खुडतात, म्हणजे झाडाचं सगळं बळ पानांत उतरतं. ओरिएंटलचा सहसा खुडत नाहीत, फुलं येऊ देतात.

परिणाम असा, की प्रत्येक पानाच्या वाट्याला पाणी थोडं आणि अन्नही थोडं. पान वाढत नाही. पण पानावरची लव, म्हणजे ते बारीक केस, भरपूर असते आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट राळेचा थेंब असतो. झाडासाठी हे संरक्षण आहे, त्यात बारीक किडे अडकतात. आपल्यासाठी तोच सुगंधाचा साठा. पान लहान म्हणून त्याच्या वजनाच्या मानाने चिकटा जास्त. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी द्राक्षं लहान येतात, पण चवीला दाट असतात, तसंच हे.

झाडावरही सगळी पानं सारखी नसतात. तळाची मोठी आणि फिकी, शेंड्याकडची सगळ्यात लहान आणि सगळ्यात सुवासिक. तुर्की शेतकरी तळाच्या पानांना ‘दिप’, मधल्यांना ‘आना’ आणि शेंड्याच्यांना ‘उच’ म्हणतात. तोडणीही याच क्रमाने, खालून वर, अनेक फेऱ्यांत होते.

सुई, दोरा आणि ऊन

तोडणी पहाटे होते, दव असताना, कारण ऊन चढल्यावर पान मलूल होतं आणि हाताळायला अवघड जातं. मग घरातली सगळी माणसं सावलीत बसतात. लांब चपट्या सुईवर एकेक पान देठाजवळ टोचायचं, सुई भरली की पानं दोऱ्यावर सरकवायची, पुन्हा सुई भरायची. पानातल्या राळेने बोटं चिकट होतात, मग काळी पडतात आणि तो काळा थर साबणालाही पटकन दाद देत नाही. या माळा आधी सावलीत कोमेजू देतात, मग चौकटींवर उन्हात टांगतात. हवामानाप्रमाणे दोन ते चार आठवड्यांत पान हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं सोनेरी-तपकिरी होतं.

वाळवण्याच्या या पद्धतीवर बरंच अवलंबून आहे. व्हर्जिनिया बंद कोठीत गरम हवेने काही दिवसांत वाळवतात. त्यामुळे पानातली साखर तशीच अडकून राहते आणि धूर गोड लागतो. बर्ली ही तिसरी महत्त्वाची तंबाखू. ती सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळते आणि तोवर पान आपली जवळपास सगळी साखर वापरून टाकतं. म्हणून तिची चव भाजलेल्या दाण्यासारखी, कोरडी. उन्हात वाळलेली ओरिएंटल या दोघींच्या मधोमध बसते: साखर व्हर्जिनियापेक्षा कमी, बर्लीपेक्षा खूप जास्त. निकोटीन मात्र दोघींपेक्षा कमी, साधारण १ टक्क्याच्या आसपास. बर्लीत ते सहज ३ टक्क्यांवर जातं.

वासाचं रसायन, थोडक्यात

रसायनांची यादी देत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली आंबूसपणाची. त्या राळेत साखरेला चिकटलेली काही आम्लं असतात. पान मुरताना आणि पुढे जळताना ती सुटी होतात. त्यातलं एक आहे आयसोव्हॅलेरिक आम्ल. मुरलेल्या चीजचा वास ज्यामुळे येतो आणि घामट मोज्यांचाही ज्यामुळे येतो, तेच हे. मोठ्या प्रमाणात नकोसं, पण अगदी थोडं असेल तर नाक त्याला दही, साय, चामडं अशी नावं देतं. त्याच कुळातलं दुसरं एक आम्ल, ३-मिथाइलव्हॅलेरिक, ओरिएंटलच्या वासाची खास ओळख मानलं जातं. त्या गृहस्थांना आंबूस आणि चामडी वास आला होता तो इथून. त्यांचं नाक अगदी नेमकं काम करत होतं!

दुसरी धुपाच्या वासाची. राळेत सिस-अबिएनॉल नावाचा पदार्थ असतो. तो हवा-उन्हाने मोडला की जी सुगंधी द्रव्यं तयार होतात, ती अंबरच्या जवळची. अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटात तयार होणारा, अत्तराच्या व्यवसायात शतकानुशतकं जपलेला पदार्थ. डोंगरउतारावरचं तहानेलं पान आणि देवमासा यांचा सुगंध एका घराण्यात निघावा, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डब्यातली चिमूट पुन्हा हुंगून पाहिली होती.

इझमिर, बास्मा, सॅमसून: ही नावं कशाची?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण काही नावं गावांची आहेत, काही पानाच्या आकाराची, तर काही गठ्ठा बांधण्याच्या पद्धतीची.

‘बास्मा’ हा शब्द तुर्कीतल्या दाबणे या क्रियापदावरून आला. पानं नीट थरात रचून, दाबून गठ्ठे करायचे, त्या पद्धतीवरून पानाचंच नाव पडलं. बास्मा पानाला मोकळा देठ नसतो, आकार लहान आणि वास गोडसर, फुलांकडे झुकणारा. ग्रीसमधल्या झांथी भागातली बास्मा सर्वांत मानाची. तिथेही जमिनीवरून भेद करतात: ‘याका’ म्हणजे डोंगरपायथ्याचा उतार, ‘जेबेल’ म्हणजे डोंगर, ‘ओव्हा’ म्हणजे सपाट मैदान. श्रेष्ठ समजतात ते याकाचं पान. ‘येनिजे’ हे नाव झांथीजवळच्या एका गावाचं. त्या नावाचा दबदबा एवढा, की जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये १९०९ साली एका तंबाखू कारखान्याची इमारत मशिदीच्या रूपात बांधली, धुराडं मिनारात दडवलं आणि तिला ‘येनिझे’ नाव दिलं. ती इमारत आजही उभी आहे.

‘इझमिर’, जुन्या डब्यांवर ‘स्मर्ना’, हे तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरचं बंदर. पान गोडसर, सौम्य, फारसं भांडत नाही. आज बाजारात सर्वांत सहज मिळणारी ओरिएंटल हीच. ‘सॅमसून’ काळ्या समुद्राकाठची, तिच्या पानाला स्पष्ट देठ असतो आणि वासात लाकडाची, मातीची छटा. ‘प्रिलेप’ उत्तर मॅसिडोनियातली. ‘काबा कुलाक’ म्हणजे शब्दशः ‘जाडाभरडा कान’. पान कानासारखं आणि इतरांपेक्षा मोठं, सुगंध बेताचा. तिचा उपयोग मिश्रणात भर म्हणून.

गाव आणि बियाणं यांची सांगड नेहमी लागतेच असं नाही. कतेरिनी हे ग्रीसमधलं गाव, पण तिथलं नामवंत वाण सॅमसून वंशाचं आहे. यामागच्या इतिहासात १९२३ साल मोठं. त्या वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्माच्या आधारावर लोकसंख्येची अदलाबदल केली. तुर्की बाजूचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. दहा लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून गेली. त्यांत तंबाखू पिकवणारी कुटुंबं दोन्ही बाजूंना होती. काळ्या समुद्राकाठचे ग्रीक शेतकरी उत्तर ग्रीसमधल्या कावाला आणि ड्रामाकडे आले, ड्रामाकडचे मुसलमान शेतकरी सॅमसूनकडे गेले. झांथीचा भाग या अदलाबदलीतून वगळला होता, म्हणून तिथल्या डोंगरांत मुसलमान कुटुंबं पुढेही बास्मा लावत राहिली. डब्यावर ‘ड्रामा’ किंवा ‘सॅमसून’ वाचताना मला हे आठवतं.

लाटाकिया मग वेगळी कशी?

लाटाकिया ही ओरिएंटलच, पण धुरावर धरलेली. आधी पान उन्हात वाळवायचं आणि मग बंद कोठीत सुगंधी झाडोऱ्याच्या मंद धुरात ठेवायचं. पान काळंकुळीट होतं आणि त्याला शेकोटीचा, डांबरासारखा वास लागतो. नाव सिरियातल्या लाटाकिया बंदराचं, पण आज पाइपच्या डब्यांत बहुतेक सायप्रसची असते. तिथे इझमिरच्या जातीचंच पान वापरतात.

हे सांगायचं कारण असं, की ‘मला ओरिएंटल आवडत नाही, धुरकट लागते’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. ती तक्रार लाटाकियाबद्दलची असते. दोघी बहुतेक वेळा एकाच डब्यात असतात आणि लाटाकिया आवाजाने मोठी, म्हणून ओरिएंटलवर उगाच ठपका येतो.

मिश्रणात तिचं काम काय?

पाइपच्या मिश्रणाला ब्लेंड म्हणतात. ब्लेंडमध्ये एक पायाची तंबाखू असते, बहुधा व्हर्जिनिया किंवा बर्ली, आणि बाकीच्या चवीपुरत्या. ओरिएंटल बहुतेकदा या चवीपुरत्यांत. व्हर्जिनिया, लाटाकिया आणि ओरिएंटल यांच्या ब्लेंडला ‘इंग्लिश’ म्हणतात. त्यात ओरिएंटलचा वाटा ठळक असला की ‘बाल्कन’. ही दुसरी विभागणी काटेकोर नाही. ‘बाल्कन सोब्रानी’ या एका गाजलेल्या ब्लेंडच्या नावावरून हा शब्द प्रकाराचं नाव होऊन बसला, आणि प्रत्येक कारखाना तो आपल्या सोयीने वापरतो.

पुस्तकी व्याख्येपेक्षा एकदा घरी करून पाहिलेला प्रयोग मला जास्त शिकवून गेला. साधी व्हर्जिनिया आणि नुसतं इझमिरचं पान घेतलं, तीन लहान बरण्या घेतल्या. पहिलीत ९ ग्रॅम व्हर्जिनियाला १ ग्रॅम इझमिर, दुसरीत तीनास एक, तिसरीत निम्मं-निम्मं. दोन आठवडे झाकण बंद. पहिल्या बरणीत ओरिएंटल अशी ओळखू आलीच नाही, पण व्हर्जिनियाचा कच्चा गोडवा जरा शहाणा झाला होता. दुसरीत आंबूसपणा आणि ती कोरडी झणक स्पष्ट, तरी गोडवा शाबूत. तिसरीत धूर पातळ वाटला. व्हर्जिनिया हरवली आणि तिच्या जागी पोटभर असं काही आलं नाही. तेव्हा कळलं, की ही तंबाखू सुगंध देते, भरीवपणा देत नाही. तिला पायाला बसवलं की घर हलकं होतं. शिवाय लाटाकियाचा धुरकटपणा आणि व्हर्जिनियाचा गोडवा एरवी एकमेकांना पाठ करून बसतात. मध्ये ओरिएंटल आली की दोन्ही एका चवीत मिसळतात. मला तरी तिचं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

‘मला तर काहीच वेगळं लागत नाही’

ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचं कारण बहुधा घाई असते. ओरिएंटलचं पान पातळ, ते पटकन पेट घेतं. जोरात ओढलं की धूर तापतो, जीभ पोळते आणि सुगंधी द्रव्यं चव लागण्याआधीच जळून जातात. त्यात तिची चव जिभेवर कमी आणि नाकात जास्त असते. धूर तोंडात ठेवून त्यातला थोडाच नाकावाटे सोडला तर फरक समजतो. आणि ओढायची गरजच आहे असंही नाही. इझमिर आणि व्हर्जिनिया यांचं एकेक पान शेजारी ठेवून बोटांनी चोळा. व्हर्जिनियाचा वास गवत आणि मधाकडे जातो, इझमिरचा धूप आणि दह्याकडे. बोटांना राहणारा चिकटपणाही सारखा नसतो.

‘नावं म्हणजे नुसती जाहिरात’ हा दुसरा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. डब्यावर नुसतं ‘ओरिएंटल’ असेल तर आत अनेक जातींचं मिश्रण असू शकतं, आणि त्यात काही गैर नाही. पण अमेरिकेतल्या मॅक्लेलँड या कंपनीने एकेका ओरिएंटलला मध्यभागी ठेवून ब्लेंडची मालिकाच काढली होती: येनिजे, ड्रामा, सॅमसून, कतेरिनी, स्मर्ना. ते डबे शेजारी ठेवून उघडले की नावांमागे फरक आहे हे सांगावं लागत नसे. कंपनी २०१८ मध्ये बंद झाली.

‘निकोटीन कमी, ऊनही नैसर्गिक, मग अपाय कमी?’

नाही. हे स्पष्टच सांगायला हवं. निकोटीन सवय लावतं, पण कॅन्सरला कारण होणारी द्रव्यं काही पान वाळताना-मुरताना आणि बरीचशी ते जळताना तयार होतात. ते पान कोणत्या डोंगरावर वाढलं आणि कशात वाळलं, याने हा धोका टळत नाही. धूर छातीत न ओढताही पाइपने तोंड, जीभ, घसा आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि काही धूर फुप्फुसांत जातोच. ‘सौम्य’ हा चवीचा शब्द आहे, आरोग्याचा नाही. जो ओढत नाही त्याने हे समजून घेण्यासाठी सुरू करू नये. वर सांगितलेलं पान चोळून पाहणं पुरेसं आहे.

जुन्या नावाचा डबा आता वेगळा का लागतो?

सुई-दोऱ्याचं काम ज्या घरांनी केलं, त्या घरांतली तरुण मंडळी शहरात गेली. एका हेक्टरातली लाखभर रोपं, पाच-सहा फेऱ्यांची तोडणी, एकेक पान ओवणं, याला यंत्र पुरं पडत नाही आणि मजुरी परवडत नाही. तुर्कस्तानात २००२ च्या कायद्याने सरकारी आधारभूत खरेदी थांबली आणि शेतकरी कंपन्यांच्या करारावर आले. करार करणाऱ्या कंपन्या सिगारेटच्या. १९१३ साली अमेरिकेत आलेल्या ‘कॅमल’पासून व्हर्जिनिया, बर्ली आणि ओरिएंटल असं मिश्रण सिगारेटमध्ये रुळलं आणि आज ओरिएंटलचं बहुतेक पीक तिकडेच जातं. त्यांना हवी असते खात्रीची, एकसारखी मिळणारी पानं: इझमिर, बास्मा, प्रिलेप, सॅमसून. पाइपचा वाटा एवढा लहान, की त्याच्यासाठी कोणी एखाद्या खोऱ्यातलं जुनं वाण वेगळं राखत नाही.

म्हणून ब्लेंड करणारा कृतीत लिहिलेल्या येनिजेच्या जागी मिळेल ती बास्मा घालतो, बास्मा कमी पडली तर इझमिर वाढवतो आणि चव जुळवत नेतो. डब्यावरचं नाव आणि चित्र तेच राहतं. वीस वर्षांपूर्वी आवडलेलं ब्लेंड आज उघडल्यावर धुपाचा वास कमी आणि गोडवा जास्त वाटला, तर आपल्या नाकाला किंवा वयाला दोष देण्याआधी वर्णनातली ओरिएंटलची ओळ वाचावी. जुन्या डब्यावर तिथे बहुधा एखाद्या गावाचं नाव असतं, नव्यावर नुसतं ‘ओरिएंटल’.